पुलाखालच्या डोहातला मासा

शनिवार, ३१ ऑगस्ट

आज माग लवकर थांबवावा लागला. मार्सली दारात उभी राहिली, हातात मासा. मार्सली म्हणजे माझी बायको एफी हिच्या भावाची, रुआरीची, मुलगी. तिला चौदावं लागलंय आणि गळाची काठी हातात आली की या पोरीला तहानभूक राहत नाही. पुलाखालच्या डोहात मिळाला म्हणाली. नऊ पौंडांचा सॅमन, गाभोळीची मादी. आणि मेलेली.

"मारलीस?" मी विचारलं.

"नियमच आहे ना काका? पिंजऱ्यातून पळालेला मासा असेल तर सोडायचा नाही, मारायचा. तुम्हीच लिहून पुलावर पाटी लावलीय."

लावलीय खरी. पण त्याच पाटीवर वरच्या ओळीत असंही आहे की नदीची अस्सल मादी गळाला लागली तर ती पाण्यात परत सोडायची आणि मारणाऱ्याचा परवाना दोन हंगाम रद्द. नदी मंडळाचा मी चिटणीस. हे काम मी मागितलं नव्हतं. विणकर माणूस दिवसभर घरी सापडतो, एवढीच माझी पात्रता.

मासा उजेडात धरून पाहिला. पाठीवरचा पर आखूड, शेपटीच्या कडा झिजलेल्या. खाडीतल्या पिंजऱ्यांत दाटीने वाढलेल्या माशांचं असं होतं. पण अंगाची चकाकी नदीच्या माशासारखी, आणि ठिपके धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. असा मासा मी आजवर पाहिला नव्हता. मला सांगता येईना.

"मला खात्री आहे," मार्सली म्हणाली.

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुमचं सगळे ऐकतात म्हणून."

कोण सगळे, देव जाणे. माझ्या घरची मांजरसुद्धा ऐकत नाही.

उद्याच्या शब्बाथाला, रविवारी, काम करायचं नसतं; त्याआधीची कामं तशीच पडली होती. जळणाचं पीट आत आणायचं, पाणी भरायचं, बूट पुसायचे. मासा वर्तमानपत्रात गुंडाळून एफीच्या फ्रीझरमध्ये ठेवला. सोमवारी पाहू.

सोमवार, २ सप्टेंबर

काल लिहिलं नाही. शब्बाथाला मी लेखणी धरत नाही.

आज सकाळी मागावर बसतो न बसतो तोच अर्धा गाव अंगणात. मासा फळीवर काढून ठेवला. लाकडासारखा कडक झाला होता.

कॅप्टन मकाइव्हर आमच्या मंडळाचे अध्यक्ष. जन्मभर बोटीवर राहिले आणि निवृत्त होऊन खाडीकडे तोंड करून घर बांधलं, तर समोर पिंजरे आले. तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत पिंजरेच दिसतात. त्यांनी काठीने मासा उलटा केला आणि म्हणाले, "सॅमन कसला, पाण्यातलं डुक्कर आहे हे! पोरीने मारला ते उत्तम केलं. तोरमोद, लिही, 'पिंजऱ्यातला'."

कॅलम पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून आत आला. आमची पत्रं तशीच पिशवीत. "तुम्ही दोघंही चुकताय. हा सॅमनच नाही. समुद्री ट्राउट आहे. शेपटीला धरून उचला. सॅमन हातात राहतो, ट्राउट निसटतो."

"अरे, तो गोठलाय."

"परीक्षा ती परीक्षा." त्याने शेपटीला धरून उचलला. बर्फ तो बर्फ. सटकला आणि त्याच्याच पायावर पडला. "बघा! निसटला की नाही?" एका पायावर नाचत ओरडतोय.

"तुझी टोपी गोठवून दे इकडे," कॅप्टन म्हणाले, "तीही ट्राउट निघेल."

हसण्याची वेळ होती, पण मला हसू आलं नाही. शहरात पाठवायचं कापड अर्धं मागावर आहे.

मग रुआरी आला. पिंजऱ्यांच्या जाळ्यांची जबाबदारी त्याच्याकडे आहे. जुलैतल्या वादळानंतर त्यानेच साहेबांना सांगितलं होतं की जाळी शाबूत आहेत, एकही मासा गेलेला नाही. तो फळीपाशी आला, वाकलासुद्धा नाही. म्हणाला, "नदीचा आहे."

"पर बघा ना बाबा," मार्सली म्हणाली.

"दगडांनी झिजलेत."

"मग नदीतल्या बाकीच्यांचे का नाही झिजत?"

"मार्सली, घरी चल."

ती हलली नाही. "नदीचा असेल तर मी चुकले. सगळ्यांसमोर म्हणा तसं."

"चुकलीस," रुआरी म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला.

पोरीचा चेहरा पाहवेना. रुआरी जरा कडक वागला, पण बाप आहे. आणि गावात पिंजऱ्याचा मासा ओळखणारा त्याच्याइतका दुसरा कोण आहे? तो म्हणतो तर तसंच असणार, असं मला वाटू लागलंय. तेवढ्यात तो आखूड पर आठवतो आणि पुन्हा सगळं विस्कटतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

स्टॉर्नोवेला मासळी खात्यात फोन केला. तिथल्या बाई खवल्यावरून सांगतात, मासा कुठे वाढला ते. सुट्टीवर गेल्यात, पुढच्या मंगळवारी येतील. "अख्खा ठेवा, गोठलेला ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका," फोनवरचा पोरगा म्हणाला. फोटो आहे का विचारलं. आहे. त्यात मासा थोडा आणि मार्सलीचे दात जास्त. पाठीवरच्या परावर नेमका तिचा अंगठा.

मंडळाची बैठक त्याच मंगळवारी संध्याकाळी ठेवली. सकाळच्या बसने मासा जाईल, संध्याकाळपर्यंत उत्तर येईल. तोवर कुणी काही बोलू नये, असं मी सगळ्यांना सांगितलं. कॅलम हे सांगणं घरोघर पत्रांबरोबर पोचवतोय, वर ट्राउटची पुरवणी जोडून.

बुधवार, ४ सप्टेंबर

उद्यापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाचा सोहळा. गुरुवार ते सोमवार, रोज उपासना. नेसहून, हॅरिसहून माणसं येणार, आणि आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे घर भरून उतरणार. गाद्या वाळवल्या. मागाच्या खोलीतही दोन अंथरुणं घातली, म्हणजे कापड आता पुढच्या आठवड्यावर.

मार्सली संध्याकाळपासून आमच्याच चुलीपाशी बसून होती. बापाशी बोलत नाही. बापही बोलत नाही. एकाच घरात राहून मीठ पाहिजे तर आईमार्फत मागतात, असं एफी सांगत होती. मार्सली गेल्यावर एफीने विचारलं, "समजा, त्या बाईंनाही सांगता आलं नाही तर?"

"मग मंडळाचा नियम आहे. शंका असेल तिथे मासा नदीचा धरायचा. परवाना जाईल."

"आणि सांगता आलं, पिंजऱ्यातला निघाला, तर?"

"तर रुआरीने खोटं सांगितलं असं होईल. परक्या बाईने, कागदावर. नोकरीही जायची."

"म्हणजे पोर तरी बुडणार, नाहीतर बाप."

"मी काय करू? मासा मी पकडलेला नाही!" मी जरा आवाज चढवला.

"रुआरीला खरंच कळत नसेल का रे?"

"एफी, बारा वर्षं तो त्या माशांना खाणं घालतोय. डोळे बांधून एक घास भरवला तरी सांगेल. पण तो म्हणतो नदीचा. मग विषय संपला."

एफी बटाटे सोलत राहिली. तिला नियमांतलं फारसं कळत नाही, पण ऐकून घेते, हा तिचा गुण.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज प्रश्नाचा दिवस. नेसच्या एका वृद्ध धर्मबंधूने उभं राहून बायबलमधलं वचन वाचलं आणि प्रश्न ठेवला: खऱ्या विश्वासणाऱ्याची लक्षणं कोणती, आणि नुसत्या नावाच्या विश्वासणाऱ्याची कोणती? दरवर्षी हाच प्रश्न, फक्त वचन वेगळं. मग पाळकसाहेब मंडळीतल्या पुरुषांना एकेक करून नावाने उठवतात आणि ज्याने त्याने आपल्या अनुभवातून बोलायचं.

माझं नाव घेतील असं वाटलं नव्हतं. घेतलं. उभा राहिलो आणि, देवा क्षमा कर, डोळ्यांसमोर माशाखेरीज काही येईना. आखूड पर, झिजलेली शेपटी. सगळे वाट पाहतायत. शेवटी म्हणालो की दोघांचं अंग बाहेरून सारखंच चकाकतं. पण एकाने प्रवाहाला तोंड दिलेलं असतं, आणि दुसरा आयता पोसलेला असतो, म्हणून आतून मऊ राहतो. ते आत गेल्याशिवाय कळत नाही. आणि बसलो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चचा वडील म्हणवतो आणि देवाच्या घरात मासेमारी बोलतो. पण बाहेर आल्यावर म्हाताऱ्या बायकांनी हात धरून आभार मानले. कॅलम तेवढा कानाशी येऊन म्हणाला, "छान बोललास. ट्राउटबद्दल एक शब्द हवा होता."

माझ्यानंतर रुआरीचं नाव घेतलं होतं. तो अर्धवट उठला. "मला आज माफ करा, पाळकसाहेब," म्हणाला आणि खाली बसला. नम्र माणूस आहे. मी बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं. एफी बायकांच्या रांगेतून आपल्या भावाकडे पाहत होती. तिलाही त्याचा अभिमान वाटला असणार.

शनिवार, ७ सप्टेंबर

उद्याचं सगळं आजच शिजवायचं. एफी पहाटेपासून चुलीशी. मला घरात पाय ठेवू देत नव्हती, म्हणून दिवसभर बाहेरची कामं केली. पाहुण्यांचे बूट पुसले, माझे हात कोळशासारखे झाले. संध्याकाळी घरात माशाचा वास होता. सोहळ्यात शेजारी काही ना काही आणून देतात, कुणी हेरिंग, कुणी कोंबडी. कुणाकडून आलं ते विचारायला सवड झाली नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर



कालच्या दिवसापासून सांगतो. सकाळची उपासना उत्तम झाली. रुआरी प्रभूच्या मेजाशी आला, भाकर घेतली, पेला घेतला. चेहरा पांढरा होता, पण त्या मेजाशी कुणाचा नसतो? तिथून सगळे आमच्याकडे जेवायला. रुआरी, त्याची बायको आणि मार्सलीही. एफीने हट्टाने बोलावलं होतं. मेजावर थंड बटाटे, ओटच्या भाकरी, आणि मोठ्या ताटात थंड सॅमन, कापांवर लोणी.

आमच्या पाळकांशेजारी बसलेल्या पाहुण्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पहिला घास घेऊन डोळे मिटले. नेसची म्हातारी म्हणाली, "लोण्यासारखा विरघळतो गं एफी. आमच्या नदीतला असा मासा कधी खाल्ला नाही मी." मी दोनदा वाढून घेतला. मला जरा मऊ वाटला. म्हटलं, एफीच्या हातून जास्त शिजला असेल. इतक्या माणसांत होतं असं.

रुआरीचं ताट एफीने स्वतः वाढलं, डोक्यामागचा चांगला जाड तुकडा, आणि त्याच्यासमोर ठेवून तिथेच उभी राहिली. त्याने एक घास घेतला. चावला. मग काटा खाली ठेवला. बराच वेळ ताटाकडे पाहत होता.

"मीठ कमी आहे का रे?" एफीने विचारलं.

"नाही ताई," तो म्हणाला. "मीठ बरोबर आहे."

आणि उठून बाहेर गेला. पोट बिघडलं असेल म्हणून मी मागे जाणार होतो, तर एफी म्हणाली, "बस तू. जेव." मार्सली एकदा दाराकडे आणि एकदा आत्याकडे पाहत होती. तिनेही पुढे काही खाल्लं नाही. पोरं या वयात अशीच.

हे काल. आज आभाराची उपासना झाली, पाहुणे निघाले, आणि उद्याच्या बससाठी मासा बांधायला मी फ्रीझर उघडला. मटार. ब्लॅकबेरी. कोकराची तंगडी. मासा नाही.

"एफी!"

ती हात पुसत आली. "कुठला मासा? तो वर्तमानपत्रातला? अगं बाई. तो होता का तो?"

"मग दुसरा कुठला असणार?"

"मला वाटलं पाहुण्यांसाठी आणून ठेवलास."

"डोकं? काटे? खवले?"

"शनिवारीच समुद्रकाठी फेकले. समुद्रपक्ष्यांनी फडशा पाडला."

जी बाई मुरंब्याच्या बरणीवर फळं कुठल्या ओढ्याकाठची तेसुद्धा लिहून ठेवते, ती बाई! मी ओरडलो. आभाराच्या दिवशी, पाहुण्यांच्या गाड्या अजून वळणावर असताना ओरडलो. अख्ख्या गावाने आठवडाभर भांडून राखलेला पुरावा लोणी लावून खाल्ला, आणि मी, चिटणीस, दोनदा वाढून घेऊन! एफी ऐकत राहिली. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाली, पण तेही मान खाली न घालता.

नंतर गुडघे टेकून क्षमा मागितली. माझ्या रागाची, आणि तिच्या विसराळूपणाची. वय होत चाललंय आमचं.

मंगळवार, १० सप्टेंबर

स्टॉर्नोवेच्या बाईंना फोन केला. "मासा खाल्ला," म्हणालो. पलीकडे त्यांनी पेन खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग विचारलं, "कुणी?" मी म्हणालो, "दोन पाळक, आणि आम्ही सगळ्यांनी." एक खवला तरी? नाही. शब्बाथासाठी एफीने स्वयंपाकघर घासून काढलं होतं. मग आपण काही सांगू शकत नाही, म्हणाल्या.

बैठक मंडळाच्या लाकडी खोलीत. कॅप्टन संतापाने लाल. पिंजरेवाल्यांविरुद्धचं त्यांचं भाषण पाठ झालं होतं आणि मासाच नाही. कॅलम ट्राउटवर बोलायला उठला, त्याला खाली बसवलं. मार्सलीला उभं केलं.

"मुली," कॅप्टन म्हणाले, "तू बरोबर होतीस असं मला वाटतं. पण पुरावा नाही. शंका असेल तिथे मासा नदीचा धरायचा. हा नियम मीच केलाय, तुझ्यासाठी मोडला तर उद्या प्रत्येक चोर मादी मारून हेच सांगेल."

"मी पर पाहिले," ती म्हणाली. "शेपटी पाहिली. मगच मारला. पुन्हा मिळाला तर पुन्हा मारीन. मी खोटं बोलले नाही, एवढं लिहा." आणि खिशातून परवाना काढून माझ्यासमोर ठेवला. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी परवाना उचलत होतो तेवढ्यात दार उघडलं. रुआरी. टोपी हातात. तो मंडळाचा सभासदही नाही.

"तो मासा आमचा होता," तो म्हणाला.

मी परवाना परत मेजावर ठेवला.

"जुलैच्या वादळात कोपऱ्यातल्या पिंजऱ्याचं जाळं फाटलं. मी शिवलं आणि सांगितलं नाही. किती गेले माहीत नाही. आज सकाळी साहेबांना सगळं सांगून आलो."

"तोच मासा पिंजऱ्यातला, हे कशावरून?" कॅलमने विचारलं. या माणसाला कुठे थांबायचं ते देवाने शिकवलेलं नाही.

"खाल्ला मी."

"नुसत्या चवीवरून?"

"त्या दिवशी फळीवर पाहिला तेव्हाच कळलं होतं, कॅलम. चव नंतर." मग तो मार्सलीकडे वळला. आमच्याकडे पाठ केली. "तू चुकली नव्हतीस. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, म्हणून हेही सगळ्यांसमोर."

कॅप्टनना इतक्या वर्षांनी हवा तो विजय मिळाला होता. ते भाषणाचे कागद हातात धरून बसून राहिले, मग घडी करून खिशात घातले. "चिटणीस," म्हणाले, "पोरीचा परवाना परत कर. काय बघत बसलायस?"

दोघं बाहेर पडली. खिडकीतून दिसत होती. तो पुढे, ती मागे. वळणावर तो थांबला. ती येईपर्यंत थांबला.

घरी येऊन एफीला सगळं सांगितलं. म्हटलं, देवाची करणी बघ, तुझ्या विसराळूपणातूनसुद्धा त्याने चांगलं घडवलं. एफी मोजे विणत होती. "हो," म्हणाली. "विसरते मी हल्ली."

शनिवार, १४ सप्टेंबर

रुआरीला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. पुढचं काही कळत नाही. त्याच्या बायकोचे डोळे सुजलेले असतात. तो मात्र जेवतो, झोपतो, असं एफी म्हणते. दिवसभर नदीकाठी मार्सलीजवळ बसतो, तिचं मासा उचलायचं हातजाळं धरून. फार बोलत नाहीत म्हणे. बोलायची गरज नसावी.

माझी शांती मात्र गेली. कंपनीच्या पाणबुड्यांनी पाण्यात उतरून पाहिलं तर रुआरीने शिवलेली जागा पुन्हा उसवलेली. आता नदीत पिंजऱ्यांचे मासे ठिकठिकाणी सापडतायत आणि जो तो मासा घेऊन माझ्या दारात. "तोरमोद, हा कुठला? तोरमोद, याचे पर बघ." कॅलमने दोन आणले, दोन्ही ट्राउट म्हणाला. कापड अजून मागावरच आहे.

दुपारी बापलेक आले. मार्सलीच्या हातात तसाच एक, आखूड पर, ठिपके भलतेच. स्टॉर्नोवेच्या बाई सोमवारी स्वतः येणार आहेत, तोवर जपायला हवा. एफीने हात पुढे केला. "दे गं, मी ठेवते फ्रीझरमध्ये."

मार्सलीने आत्याकडे पाहिलं, आत्याने मार्सलीकडे, आणि दोघी हसत सुटल्या. भिंतीला धरून हसल्या. रुआरीने तोंड खिडकीकडे फिरवलं, पण त्याचेही खांदे हलत होते. इतक्या दिवसांत तो हसलेला मी पाहिला नव्हता.

यात हसण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही. पुन्हा घोटाळा नको म्हणून मी फ्रीझरला कुलूप लावलं, आणि किल्ली हरवू नये म्हणून एफीकडे दिली.